एका बिऱ्हाडाची अवीट गोष्ट



विनोदाचें आयुष्य अल्प असतें, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदींच निराधार नाहीं. करुण कथा दुसऱ्यांदा ऐकली तरी डोळे पाणावतात. पण ऐकलेला विनोद दुसऱ्या दिवशीं शिळा होतो आणि तिसऱ्या दिवशीं तो सांगणाऱ्याचीच कींव येते. अनपेक्षितपणा हा हास्याचा प्राण आहे, असें विनोदाची मीमांसा करणारे सांगतात. मग जें एकदां घडून गेलें, तें पुन्हां अनपेक्षित कसें राहावें? असें असतांहि कांहीं विनोदी कृति या नियमाला खुशाल बगल देतात. घरांतील लहानथोर मंडळी एकत्र बसून त्या वर्षानुवर्षें पाहतात. पुढचें वाक्य कोणतें हें सर्वांस तोंडपाठ असतें, आणि तोंडपाठ असतें म्हणूनच तें ऐकण्यासाठीं सर्वजण टपून बसलेले असतात. हें कसें घडतें, याचा थोडासा उलगडा करण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

या प्रकारच्या कृतींचा विचार करतांना पाश्चात्य देशांतील नाताळच्या चित्रपटांची आठवण प्रथम होते. नाताळ हा तिकडे घरीं परत येण्याचा सण. दूरदेशीं गेलेलीं मुलें त्या दिवसांत आईबापांकडे येतात, आणि जेवणें आटोपलीं कीं सारें कुटुंब ठराविक चित्रपट पाहावयास बसतें. यांतील एक वडीलधारा चित्रपट म्हणजे फ्रँक काप्रा यांनीं दिग्दर्शित केलेला ‘इट्स ए वंडरफुल लाइफ’. तो १९४६ सालीं प्रदर्शित झाला, त्या वेळीं त्याचा खर्चहि भरून निघाला नाहीं. पुढें १९७४ सालीं त्याच्या स्वामित्वहक्काचें नूतनीकरण करावयाचें राहून गेलें. मोल न देतां दाखवितां येण्याजोगा चित्रपट मिळाल्यामुळें अमेरिकेंतील दूरचित्रवाणी केंद्रें दर नाताळांत तो दाखवूं लागलीं, आणि पडलेला चित्रपट पाहतां पाहतां सणाचा भाग होऊन बसला. दुसरें उदाहरण अलीकडचें. ख्रिस कोलंबस यांचा ‘होम अलोन’ हा चित्रपट १९९० सालीं आला. प्रवासाच्या गडबडींत घरची मंडळी आठ वर्षांच्या मुलास घरींच विसरून जातात आणि तो मुलगा चोरी करावयास आलेल्या दोन भामट्यांची फटफजिती करतो, एवढीच त्याची गोष्ट.

या दोन चित्रपटांत वरवर कांहींच साम्य दिसत नाहीं. पण जरा बारकाईनें पाहिलें तर दोहोंच्या मुळाशीं एकच वस्तु आहे, आणि ती म्हणजे घर. काप्रा यांचा नायक एक लहानशी पतसंस्था चालवितो; गरीब कुटुंबांना स्वतःचें घर बांधण्यासाठीं ती कर्ज देते, आणि भाडेकऱ्यांस पिळणारा गांवचा धनिक तिच्या नाशावर टपलेला असतो. ‘होम अलोन’मधील मुलाला आधीं वाटतें कीं, घर आपल्या एकट्याचें झालें तर काय बहार होईल, आणि मग कळतें कीं, माणसांवांचून घर म्हणजे नुसत्या भिंती. हंसण्याच्या सगळ्या गडबडीखालीं एक चिंता हळूच वाहत असते: आपल्या डोक्यावर छप्पर राहील काय, आणि त्या छपराखालीं आपलीं म्हणावीं अशीं माणसें असतील काय? ही चिंता कधींच शिळी होत नाहीं. म्हणून तिच्यावर उभारलेलें हास्यहि शिळें होत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. मराठी घरांत नाताळचा चित्रपट नाहीं. पण दिवाळीच्या सुट्टींत, मे महिन्याच्या दुपारीं, किंवा पाहुण्यांनीं घर भरलेलें असतांना जो हटकून लावला जातो आणि ज्याला आजोबांपासून नातवापर्यंत कोणाचीच हरकत नसते, असा एक चित्रपट मराठींत निश्चित आहे. त्याचें नांव ‘अशी ही बनवाबनवी’. तो १९८८ सालीं प्रदर्शित झाला. व्ही. शांताराम यांच्या संस्थेतर्फे किरण शांताराम यांनीं तो निर्माण केला, सचिन पिळगांवकर यांनीं दिग्दर्शित केला आणि त्याची पटकथा व संवाद वसंत सबनीस यांनीं लिहिले. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सिद्धार्थ रे आणि स्वतः सचिन हे त्यांतील चार नायक. सुधीर जोशी, नयनतारा, अश्विनी भावे, निवेदिता जोशी, सुप्रिया, प्रिया अरुण आणि विजू खोटे यांच्या भूमिकाहि तितक्याच लक्षांत राहणाऱ्या आहेत.

कथा बहुतेकांस ठाऊक आहे, तरी तिचा सांगाडा एकदां डोळ्यांपुढें असावा. धनंजय माने हा तरुण पुण्यांत विश्वासराव सरपोतदारांच्या घरीं भाड्यानें राहतो. धाकटा भाऊ शंतनू आणि सुधीर व परशुराम हे मित्र एकेक करून त्याच्याच आश्रयास येतात. घरमालक या चौघांस बाहेरची वाट दाखवितो. मग पुण्यांत जागेचा शोध सुरू होतो, आणि लीलाबाई काळभोर या सधन, एकाकी आणि दृष्टीनें अधू अशा वृद्ध बाईंच्या बंगल्यांत जागा असल्याचें कळतें. अट एकच: भाडेकरी विवाहित जोडपीं असलीं पाहिजेत. चौघांपैकीं एकाचेंहि लग्न झालेलें नाहीं. निरुपायानें परशुराम हा धनंजयाची पत्नी पार्वती होतो, सुधीर हा शंतनूची पत्नी सुधा होतो, आणि दोन ‘जोडपीं’ त्या बंगल्यांत बिऱ्हाड थाटतात. पुढचा सारा गोंधळ या एका खोट्यांतून निघतो, आणि खोटें उघडकीस आल्यावर लीलाबाई क्षमा करतात तेव्हां कथा संपते.

ही कल्पना मूळची मराठी नव्हे, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. हृषीकेश मुखर्जी यांनीं १९६६ सालीं ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट याच कथाबीजावर काढला होता, आणि त्याचें मूळ बंगालींत आहे. मराठी चित्रपटानंतर तेलुगु, कन्नड आदि भाषांतहि या कथेचे अवतार झाले. पण ज्या चित्रपटास हिंदींत फारसें कोणी आठवीत नाहीं, त्याचाच मराठी अवतार घराघरांत वस्ती करून राहतो, तेव्हां या फरकाचें कारण कथाबीजांत नसून अन्यत्र शोधावें लागतें. माझ्या समजुतीप्रमाणें तीं कारणें तीन आहेत. पहिलें, त्यांतील अडचण खरी होती. दुसरें, त्यांतील सोंग मराठी माणसाच्या फार जुन्या ओळखीचें होतें. आणि तिसरें, त्यांतील हास्याची घडणच अशी आहे कीं तें पुनरावृत्तीनें झिजत नाहीं.

प्रथम अडचणीविषयीं. आज तो चित्रपट पाहणाऱ्या तरुणास वाटेल कीं, घरमालकाचा तो धाक आणि भाडेकऱ्याची ती लाचारी म्हणजे लेखकानें केलेली अतिशयोक्ति आहे. पण तिच्यामागें चाळीस वर्षांचा इतिहास उभा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतील जागेची टंचाई पाहून १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. मुंबई, पुणें आदि शहरांतील जागांचें भाडें सामान्यतः १९४० सालच्या पातळीस बांधलें गेलें आणि भाडेकऱ्यास सहजासहजीं हुसकून लावतां येईनासें झालें. हेतु चांगला होता, आणि लक्षावधि कुटुंबांस त्याचें संरक्षणहि मिळालें. पण महागाई वाढली तरी भाडें जागच्या जागीं राहिलें. दुरुस्तीचा खर्चहि सुटेना, म्हणून मालकांनीं वाड्यांकडे पाठ फिरविली. १९७३ सालच्या दुरुस्तीनें तर परवान्यावर राहणाऱ्या कित्येकांसहि भाडेकऱ्यांचे हक्क मिळाले. त्यानंतर रिकामी खोली परक्यास देणें म्हणजे ती कायमची घालविणें, असा धसका मालकवर्गानें घेतला. कुलूप लावलेल्या खोल्या आणि खोलीसाठीं वणवण करणारीं माणसें एकाच आळींत नांदूं लागलीं. १९९९ सालचा नवा भाडेनियंत्रण कायदा मार्च २००० मध्यें अंमलांत आला आणि जुना गेला. पण चित्रपट आला तेव्हां जुन्या कायद्याचाच अंमल होता.

या पार्श्वभूमीवर सरपोतदार हे केवळ कजाग म्हातारे राहत नाहींत. त्यांच्या संशयाला कारण आहे. आणि त्यांच्या तावडींतून सुटूं पाहणारे चौघेहि नुसते टवाळ राहत नाहींत. नोकरीसाठीं, शिक्षणासाठीं, गाण्या-नाटकाच्या ओढीनें लहान गांवांतून पुण्यामुंबईस आलेला, खिशांत मोजकेच पैसे असलेला आणि कोणाच्या तरी खोलींत पथारी टाकून दिवस काढणारा तरुण हा त्या काळीं जवळजवळ प्रत्येक मध्यमवर्गीय घरांत कोणी ना कोणी होता: काका होता, मामा होता, कधीं वडीलच होते. त्यामुळें पडद्यावरची ती वणवण पाहतांना वडील मंडळी स्वतःचा भूतकाळ पाहतात, आणि जें तेव्हां रडवीत होतें त्याला आतां हंसून घेतात. मुलांना त्यांत केवळ गंमत दिसते. एकाच प्रसंगानें दोन पिढ्या निरनिराळ्या कारणांसाठीं हंसतात, आणि कौटुंबिक चित्रपट म्हणतात तो यालाच.

दुसरें कारण सोंगाचें. पुरुषानें स्त्रीवेष घेणें हें मराठी रसिकाला नवें नाहीं. बालगंधर्वांचा जन्म १८८८ सालचा; म्हणजे हा चित्रपट आला तें त्यांचें जन्मशताब्दीचें वर्ष होतें. पैठणी आणि शालू नेसून वावरणाऱ्या त्या नटश्रेष्ठापासून कुलीन स्त्रियांनींहि वेषभूषेचे धडे घेतले, असें जुनी मंडळी सांगत. स्त्रिया रंगभूमीवर आल्यावर गंभीर नाटकांतील स्त्रीपार्ट मागें पडला, पण विनोदी नाटकांत त्यानें आपली जागा धरून ठेवली. ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आँट’ या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून आचार्य अत्रे यांनीं ‘मोरूची मावशी’ लिहिलें, तें १९४७ सालीं रंगभूमीवर आलें. आणि पुढें विजय चव्हाण यांच्या मावशीनें त्याला नवें आयुष्य दिलें. तमाशांतला मावशीचा नाच तर सर्वांच्या परिचयाचाच. ज्या वसंत सबनीसांनीं ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यांतून तमाशाची बतावणी शहरी प्रेक्षकापुढें आणली, त्यांच्याच लेखणींतून पार्वती आणि सुधा उतरल्या, हा योगायोग नव्हे. त्या लेखणीला ठाऊक होतें कीं, वेष हें केवळ निमित्त आहे. खरा विनोद वेषाशीं न जुळणाऱ्या वृत्तींत असतो. सुधा नाजूक आहे, सराईत आहे. पार्वती मात्र पदर सांवरतां सांवरतां मधूनच परशुराम होऊन जाते. एकाच युक्तीचे हे दोन सूर लेखकानें आणि नटांनीं कटाक्षानें वेगळे राखले आहेत.

आतां तिसरें कारण, आणि माझ्या मतें हेंच सर्वांत महत्त्वाचें. आरंभीं आपण म्हटलें कीं, हास्य अनपेक्षितावर जगतें. पण तें सर्व हास्यांविषयीं खरें नाहीं. जेथें प्रेक्षकालाच चकित करावयाचें असतें, तेथें एकदां पाहिलें कीं गंमत सरली. जेथें मात्र प्रेक्षकाला आरंभापासून सारें गुपित ठाऊक असतें, आणि फक्त पडद्यावरच्या एका पात्राला तें ठाऊक नसतें, तेथें हास्य जन्मतें तें आपल्या जाणतेपणांतून. पार्वती ही परशुराम आहे, हें लीलाबाईंना ठाऊक नाहीं, आपणांस आहे. प्रत्येक वेळीं दार वाजतें तेव्हां कोण येणार आणि काय घोटाळा होणार, हें पहिल्यांदा पाहणाऱ्यालाहि निम्मेंअधिक कळलेलें असतें. दहाव्यांदा पाहणाऱ्याला तें पुरतें कळलेलें असतें, एवढाच फरक. आणि त्यानें रस उणावत नाहीं, वाढतो. लहान मूल रोज रात्रीं तीच गोष्ट मागतें, आणि एक शब्द बदलला तर हट्टानें दुरुस्त करतें. तेथें त्याला नवलाची भूक नसते. आपल्याला ठाऊक असलेलें पुन्हां तसेंच घडतें कीं नाहीं, हें पडताळून पाहण्याचा आनंद तें घेत असतें.

याच आनंदाचें एक जुनें, भरभक्कम रूप पाहावयाचें असेल, तर शहरांतील चित्रपटगृहांतून बाहेर पडून थोडें डोंगरांत गेलें पाहिजे. पालघर जिल्ह्यांत जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. जामसर हें गांव त्याच मुलखांतलें. मुंबईपासून फार दूर नसलेल्या या आदिवासी भागांत ‘बोहाडा’ नांवाचा सोंगांचा उत्सव होतो. कागदाच्या लगद्याचे किंवा लांकडाचे रंगविलेले मुखवटे चढवून गणपति, शारदा, देवी, महिषासुर अशीं सोंगें वाद्यांच्या गजरांत रात्रभर नाचत नाचत येतात. परंपरेनें पुरुषच देवीचेंहि सोंग घेतात. शेवटीं देवी आणि महिषासुर यांचें युद्ध होतें आणि महिषासुराचा वध होतो. हा शेवट पाहणाऱ्यांपैकीं कोणास ठाऊक नसतो? मुखवट्याखालीं आपल्याच पाड्यावरचा कोण माणूस आहे, हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. तरी आयाबाया, म्हातारे, कडेवरचीं मुलें सारींजण रात्र जागवितात. तेथें भक्ति आहे, आणि चित्रपटांत ती नाहीं, हा भेद मोठा आहे आणि तो पुसतां कामा नये. पण ठाऊक असलेलें सोंग, ठाऊक असलेल्या माणसांच्या सोबतीनें, ठरलेल्या दिवसांत पुन्हां पाहणें या सुखाची जात एकच आहे. नाताळचा चित्रपट, बोहाडा आणि सुट्टींतील ‘बनवाबनवी’ हीं त्या एकाच सुखाचीं निरनिराळीं रूपें होत. तेथें माणूस गोष्टीसाठीं येतो तितकाच सोबतीसाठीं येतो.

चित्रपटाला अशा उत्सवाचें रूप येण्यास मात्र एक साधन लागतें, आणि तें म्हणजे प्रसारण. अमेरिकेंत काप्रांच्या चित्रपटाचें जें झालें, तेंच थोड्या वेगळ्या रीतीनें येथें झालें. चित्रपटगृहांत लोक तो एकदां, फार तर दोनदां पाहत. पण आधीं दूरदर्शन, मग ध्वनिचित्रफिती, आणि १९९९ पासून एकामागून एक निघालेल्या खासगी मराठी वाहिन्या यांनीं तो घरांत आणला. घरांत आल्यावर त्याचें पाहणेंहि बदललें. स्वयंपाक करतां करतां, भाजी निवडतां निवडतां, मध्येंच उठून, मध्येंच बसून लोक तो पाहूं लागले. कारण कोठूनहि सुरुवात केली तरी धागा तुटत नाहीं. आतां तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्याचे लहान लहान तुकडे हातोहात फिरतात. मधुमेहावरील औषधासाठीं सरपोतदारांनीं दिलेल्या सत्तर रुपयांचें पुढें काय झालें, हा प्रसंग ज्यानें पाहिला नाहीं असा मराठी तरुण विरळा. बुडालेल्या रकमेचा विषय निघाला कीं कोणीतरी त्या सत्तर रुपयांची आठवण काढतोच. धनंजय माने कोठें राहतात, हा वास्तविक किती साधा प्रश्न! पण तो ओळखीची खूण होऊन बसला आहे. परदेशांत दोन अनोळखी मराठी माणसें भेटलीं आणि एकानें तो विचारला, तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हंसूं उमटतें आणि परकेपणा गळून पडतो. म्हणींचें काम पूर्वीं ओव्या, कीर्तनें आणि नाटकें करीत. तें काम येथें एका चित्रपटानें केलें आहे.

याहूनहि नवलाची गोष्ट त्यांतील डोहाळजेवणाच्या गीताची. खोट्या पार्वतीच्या खोट्या डोहाळ्यांसाठीं रचलेलें तें गीत आज खऱ्या डोहाळजेवणांत, फुलांच्या वाडींत सजून बसलेल्या खऱ्या गर्भवतीपुढें गायिलें जातें. त्या वेळीं पार्वतीची आठवण होऊन बायका हंसतात, आणि तरीहि त्या गीतांतली माया खरीच असते. सोंगांतून निघालेली वस्तु अशी रीतीभातींत जाऊन बसावी, यापेक्षां लोकप्रियतेची दुसरी मोठी पावती कोणती?

इतकें कौतुक केल्यावर दोषांकडे डोळेझाक करणें योग्य होणार नाहीं. अधू दृष्टीच्या वृद्ध बाईला चार धडधाकट तरुण फसवितात, ही गोष्ट नुसती सांगितली तर हंसूं येण्याऐवजीं चीड यावी. स्त्रीवेषावरून, चालण्याबोलण्यावरून केलेल्या कांहीं कोट्या आजच्या कानांस सवंग वाटतात, आणि घरांतील मुलीनें त्या ऐकून नाक मुरडलें तर ती चूक आहे असें म्हणवत नाहीं. पहिल्या आक्षेपाला मात्र चित्रपटानेंच उत्तर दिलें आहे, आणि त्या उत्तरांतच त्याचा जीव आहे. त्या चौघांनीं लीलाबाईंचें कांहीं लुबाडलें नाहीं; उलट त्या रिकाम्या बंगल्यांत गडबड आणली, जाग आणली. त्यांना छप्पर हवें होतें, तिला माणसें हवीं होतीं. भाड्याच्या करारानें जें नातें कधींच जुळलें नसतें, तें खोटेपणाच्या आडून जुळलें. म्हणून अखेरची क्षमा ही ओढूनताणून आणलेली वाटत नाहीं. आपण एकटे राहणार नाहीं ना, या भीतीवर त्या क्षमेचा उतारा आहे. आणि ‘होम अलोन’मधील मुलाच्या घरीं त्याची आई परत येते, तेव्हां जें पाणी डोळ्यांत येतें, तेंच येथेंहि येतें.

काळानें या हास्यांत आणखी एक छटा मिसळली आहे. सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे दोघेहि २००४ सालीं अकालीं गेले. सुधीर जोशी २००५ सालीं गेले, विजू खोटे २०१९ सालीं. संवादांचे जनक सबनीस हे २००२ सालींच निवर्तले होते. अशोक सराफ यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां लोकांना त्यांच्या शंभर भूमिका सोडून प्रथम आठवला तो धनंजय माने. पडद्यावर मात्र ते सारे अजून तरुण आहेत, आणि अजून जागेच्या शोधांत आहेत. चित्रपट पाहणाऱ्या घरांतहि तसेंच झालेलें असतें. ज्या आजोबांच्या हंसण्यानें आपण हंसावयास शिकलों, ते आजोबा आतां नसतात. पण त्यांना जें वाक्य आवडे तें आलें कीं कोणीतरी म्हणतें, येथें ते कसे खो खो हंसत! अशा वेळीं तो चित्रपट केवळ करमणूक राहत नाहीं. तो त्या घराचा स्मृतिग्रंथ होतो. कुटुंबें तो पुनःपुन्हां कां लावतात, याचें हें कदाचित् सर्वांत खोल उत्तर असेल.

आणि एक शेवटची गोष्ट. ज्या अडचणीवर हा चित्रपट उभा आहे, ती अडचण संपलेली नाहीं. कायदे बदलले, वाडे जाऊन त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. पण लग्न झालें आहे काय, एकटे आहां काय, काय खातां, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे प्रश्न भाड्यानें घर मागणाऱ्यास आजहि विचारले जातात. एकट्या स्त्रीस तर ते एकट्या पुरुषापेक्षां अधिक जाचतात. ज्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचा मघां उल्लेख केला, त्याच भागांतून पावसाळा सरला कीं कुटुंबेंच्या कुटुंबें वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. शहराचीं घरें त्यांच्या हातच्या विटांनीं उभीं राहतात, आणि तीं माणसें स्वतः भट्टीशेजारच्या तात्पुरत्या झोपडींत हंगाम काढतात. त्यांच्या बिऱ्हाडावर कोणी विनोदी चित्रपट काढलेला नाहीं, आणि काढला तर हंसणें आपणांस इतकें सोपें जाणार नाहीं.

हें सांगण्याचा हेतु हास्यावर विरजण घालण्याचा नाहीं. उलट, ज्या हास्याच्या तळाशीं एवढी खरी गरज आहे, तेंच टिकतें, हें ध्यानीं यावें, एवढाच आहे. पुढच्या सुट्टींत आपल्या घरीं तो चित्रपट लागेल, आणि तो लागेलच, तेव्हां मनमुराद हंसावें. मात्र मध्येंच एखाद्या नातवानें विचारलें कीं, त्या चौघांना साधी एक खोलीहि कां मिळत नव्हती, तर तो प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये. तेवढ्यापुरता आवाज कमी करून त्याला उत्तर द्यावें. घरच्या वडील माणसांनीं आपण पहिलें बिऱ्हाड कसें आणि कोठें केलें तें सांगावें. चित्रपट पुढें चालूच राहील, आणि कोणाचें कांहीं चुकणार नाहीं. कारण तो सर्वांचा पाठच आहे.